खिंडीला सोबत

गेले अकरा दिवस माझ्या फोनमध्ये एक मेसेज अर्धवट पडून आहे. सकाळी डोंबिवलीला गाडीत शिरलो, कसाबसा वरच्या कडीला हात पोचला, की मोकळ्या हाताच्या अंगठ्याने मी त्यातल्या दोन ओळी खोडतो, एक नवी घालतो. दिव्याला मागून रेटा आला की फोन खिशात जातो. ठाण्याला उतरतो तेव्हा मेसेज होता तिथेच असतो. आणि ज्याला तो जायचा आहे तो माणूस ठाण्यातच राहतो, घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर. संध्याकाळी त्याच्याकडे गेलो असतो तर चहाच्या कपात विषय संपला असता. पण काही आमंत्रणं तोंडाने द्यायला जमत नाहीत. ऐकताना समोरच्याचा चेहरा कसा होईल, ते बघण्याची तयारी नसते.

मजकूर तसा एवढासाच आहे. पुढच्या जुलैअखेर किन्नौरमधून स्पितीत उतरायचं, भाबाच्या खिंडीतून, पायी. येतोस का?

पहिला मसुदा जाहिरातीसारखा झाला. हिरवीगार कुरणं, निळंशार आकाश, आयुष्यात एकदा तरी वगैरे. पुन्हा वाचताना मलाच कानकोंडं झालं. हे ट्रेक विकणाऱ्यांच्या पत्रकातलं मराठी. ज्याच्याबरोबर एका ताटात पिठलं खाल्लं त्याला कोणी 'अविस्मरणीय अनुभव' असं लिहितं का? तो उलट विचारणार, "शेठ, फोन कुणाच्या हातात गेला की काय?" आम्ही एकमेकांना शेठच म्हणतो. खिशात कल्याण-मुरबाडच्या एसटीचे सुटे पैसे मोजून असायचे तेव्हापासून.

म्हणून दुसरा मसुदा खराखुरा लिहायला घेतला, आणि तिथे खरी अडचण सुरू झाली. शिमल्याहून रामपूरमार्गे सतलजच्या काठाकाठाने वांगतूपर्यंत जायचं. तिथे भाबा खड्ड, म्हणजे भाबाचा ओढा, सतलजला मिळतो. त्याच्या बाजूने आत वळलं की काफनू गाव, आणि गाडीरस्ता तिथे संपतो. हे काफनूच साधारण 2,400 मीटरवर आहे. कळसूबाई 1,646 मीटर; तिच्या डोक्यावर आपला आसनगावचा माहुली गड ठेवला तर जवळपास जिथे पोचू, तिथून या वाटेचं पहिलं पाऊल पडतं. पुढे देवदाराचं रान, मग भूर्जाची झाडं, मग झाडंच संपतात. मुलिंग नावाचं कुरण लागतं, त्याच्या वर कारा. तिथल्या लोकांचा अशा उंचावरच्या कुरणाला शब्द आहे 'कंडा'. उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन माणसं तिथेच मुक्कामाला असतात. असं चार दिवस चढत चढत खिंड येते, सुमारे 4,900 मीटरवर. जुलैतही तिथे बर्फ असतो. पलीकडच्या उताराला पाय टाकला की पायाखाली सुटे दगड, आणि मग पिन नदीचं खोरं. शेवटी मुद नावाचं गाव, मूठभर घरं आणि वाटाण्याची शेतं.

वाटाण्याचं मी मुद्दाम लिहिलं होतं, पुन्हा खोडलं. पावसाळ्यात आपल्या बाजारात जो महागडा हिरवा वाटाणा येतो तो बराचसा हिमाचलातला असतो, आणि स्पितीतही याच दिवसांत शेंगा काढतात. पण हे वाचून त्याच्या घरच्या वहिनी म्हणाल्या असत्या, वाटाणाच बघायचा तर डोंबिवलीत फडके रोडवर जा की, एवढं चालायला कशाला पाहिजे.

खरी यादी पुढची आहे. सकाळी सहाला ओढा ओलांडायचा, गुडघाभर पाण्यात, चपला हातात धरून नव्हे तर पायात घालून, कारण तळाचे गोटे कापतात. दुपारी चालणार नाही. दिवसभर वरचा बर्फ वितळतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच ओढ्याला पूर येतो. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते. डोकं दुखतं, झोप येत नाही, जेवण नको वाटतं. उंचीच्या त्रासावर डायमॉक्सची गोळी घेतली तर बोटांना मुंग्या येतात आणि रात्री तीनदा तंबूबाहेर जावं लागतं. बाहेर थंडी किती, ते लिहून कळत नाही. शौचाला एक खड्डा आणि त्याच्याभोवती उभा तंबू. फोनला रेंज नाही. कुणाला काही झालंच तर खेचरावर बसवून खाली आणायचं. पहिले तीन दिवस आल्या वाटेने, आणि खिंड ओलांडल्यावर फक्त पुढच्या वाटेने.

हे सगळं पंचावन्न वर्षांच्या माणसाला लिहायचं. त्याला साखर आहे, डावा गुडघा कुरकुरतो. मला सकाळी रक्तदाबाची गोळी. तरुणपणी अशी यादी आमिष म्हणून चालते. आमच्या वयाला ती डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी दिसते. पण खोटं लिहून याला नेणार नव्हतो. का, ते पुढे येईलच.

मधे बरेच दिवस एका शब्दाशी अडलो होतो. 'चला हिमालय चढू' असं लिहिलं होतं. ते चूक आहे. आम्हाला काहीच चढायचं नाही, ओलांडायचं आहे. हिमाचलात खिंडीला जोत म्हणतात, स्पिती-लडाखकडे ला. शिखराच्या ट्रेकमध्ये आणि खिंडीच्या ट्रेकमध्ये एक फरक आहे, तो चालल्याशिवाय लक्षात येत नाही. शिखराला जाताना एखाद्याचं बिनसलं तर तो खालच्या तळावर थांबतो. बाकीचे वर जाऊन येतात, येताना त्याच्यासाठी फोटो आणतात, तो त्यांच्यासाठी चहा टाकून ठेवतो. कुणी कुणाला सोडलेलं नसतं. खिंडीला तळच नसतो. सकाळी तंबू गुंडाळून खेचरांवर चढले की मागे उरते ती दाबलेल्या गवताची चौकोनी खूण. थांबायची सोयच नाही. एक तर दोघांनी पलीकडे जायचं, नाही तर दोघांनी परतायचं. शिखराला कुणालाही बोलवावं. खिंडीला माणूस नीट विचार करून बोलवावा लागतो.

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला हे समजायला हिमालय लागू नये खरं तर. आमचं कल्याण दोन हजार वर्षं खिंडीवर जगलं. सोपाऱ्यासारखं कल्याणही सातवाहनांच्या काळातलं बंदर. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्येसुद्धा त्याचं नाव आहे. माल उतरायचा खाडीत आणि बैलांच्या पाठीवरून जुन्नरला जायचा तो नाणेघाटातून. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून आहे, आणि गुहेच्या भिंतीवर नागनिका राणीचा ब्राह्मीतला लेख. गडावर राजे राहिले असतील. घाटातून गेली ती मिठाची, कापडाची, धान्याची ओझी, आणि ओझ्यामागून चालणारी माणसं.

आमचा दोघांचा पहिला ट्रेक नाणेघाटच. जून होता, दोघं अकरावीत. कल्याण स्टँडवरून मुरबाडच्या पुढे वैशाखरेपर्यंत एसटी, मग जंगलातून चढ. पाऊस असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वर खिंडीत पोचलो तर वारा अंगावर धावून आला आणि आम्ही दोघं एकमेकांना धरून त्या दगडी फरशीवरून वाकून चाललो. घाटघरच्या बाजूला थोडं पुढे गेलो तर पाऊस भुरभुर. आणखी पुढे गेलो तर तोही थांबला. मागे वळून पाहिलं तर आम्ही जिथून आलो तो सगळा मुलूख ढगात बुडालेला, आणि समोर कुणीतरी बैल घेऊन ऊन खात उभा. पाच-सहा किलोमीटरात दोन ऋतू. भाबाच्या खिंडीतही हेच आहे, फक्त माप मोठं. किन्नौरच्या अंगाला पावसाचे ढग पोचतात, म्हणून अलीकडे गवत आणि फुलं. पलीकडे स्पिती पर्जन्यछायेत, तिथले डोंगर तपकिरी, तांबडे, कुठे कुठे जांभळट, आणि हिरवं दिसेल ते माणसाने पाट काढून पाणी नेलं तेवढंच. मी फोटोत ते पाहिलं तेव्हा मला स्पिती आठवायचं कारण नव्हतं, कधी गेलोच नव्हतो. मला तो बैलवाला आठवला. आणि त्याच्याबरोबर, साहजिकच, हा.

उत्तरेकडे जाताना मराठी माणूस सहसा एकटा जात नाही, हेही मला या अकरा दिवसांत जाणवलं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, एवढ्या आशेवर ते काकांना बरोबर घेऊन निघाले आणि 1857 च्या धुमाळीत सापडले. लुटले गेले, झाशीच्या वेढ्यात अडकले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी आले. 'माझा प्रवास' हे त्या वाटेचं पुस्तक. लोक ते झाशीच्या राणीसाठी वाचतात. मी अलीकडे ते काका-पुतण्यासाठी वाचतो. इतक्या हलाखीत त्यांनी एकमेकांवर किती वेळा दात-ओठ खाल्ले असतील? निघायचं कुणाचं डोकं होतं, यावरून किती भांडले असतील?

दुसरे काकासाहेब कालेलकर. बडोद्याचं गंगनाथ विद्यालय बंद पडलं आणि 1912 साली ते हिमालयात पायी निघाले. सोबतीला अनंतबुवा आणि स्वामी आनंद. त्यांच्या त्या प्रवासाचं पुस्तक शाळेत असताना वडिलांनी माझ्या हातात दिलं होतं, त्यातल्या नद्या आणि देवळं मी तेव्हा पानं उलटून सोडून दिली. परवा कपाटातून काढून पुन्हा बघताना एकच कुतूहल होतं. या तिघांत प्रथम कोण म्हणालं असेल, की चला? आणि ऐकणाऱ्याने लगेच हो म्हटलं असेल, की दोन दिवस मागून घेतले असतील? प्रवासवर्णनात हा भाग नेहमी गाळलेला असतो. माणसं एकदम वाटेवरच भेटतात.

तर आता तो भाग, जो मी आजवर गाळत आलो.

1993 चा मे महिना. त्या काळी मुंबईकडच्या पोरांची रीत होती, यूथ हॉस्टेलमध्ये नाव घालायचं आणि मे महिन्यात कुलूकडे ट्रेकला जायचं. आमचे पैसे भरून झाले होते. तिकिटं पंजाब मेलची, कल्याणहून दिल्ली, पुढे बस. मेल ही आमच्या दृष्टीने फार मोठी गाडी होती. 1912 सालची, कालेलकर निघाले त्याच वर्षीची. एके काळी थेट पेशावरला जायची, फाळणीनंतर फिरोजपूरला थांबली. लहानपणी ती डोंबिवलीहून न थांबता धडधडत जायची तेव्हा आम्ही पुलावर उभं राहून तिचे डबे मोजायचो.

मी तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत सहा महिन्यांपूर्वी चिकटलो होतो. हा डोंबिवलीच्या एमआयडीसीत. त्याने साहेबाशी भांडून बिनपगारी रजा घेतली. मी रजा मागितलीच नाही. रोज सकाळी ठरवायचो, आज विचारू. साहेब केबिनमधून बाहेर यायचे, मी कागदात डोकं घालायचो. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. असे तीन आठवडे गेले आणि निघायचा दिवस उजाडला. तरी मी संध्याकाळी पाठीवर सॅक घेऊन कल्याणला गेलो, आईने दिलेला डबा हातात घेऊन, कारण घरीही मी काहीच सांगितलं नव्हतं. गाडी यायच्या आधी दहा मिनिटं त्याला म्हणालो, "शेठ, आईला बरं नाही. मला निघता येत नाही रे."

तो थोडा वेळ माझ्या पाठीवरच्या सॅककडे बघत राहिला. मग म्हणाला, "काकूंना जप." डबा मी त्याच्या हातात दिला. गाडी आली, तो चढला, खिडकीतून त्याने हात केला, आणि कसाऱ्याच्या दिशेने लाल दिवा लहान होत गेला. मी ब्रिजवरून दुसऱ्या फलाटाला येऊन डोंबिवलीची लोकल पकडली. घरी आईला सांगितलं की साहेबांनी ऐन वेळी रजा रद्द केली. सोमवारी कामावर गेलो. मे महिना होता, ऑफिस निम्मं रिकामं होतं. माझ्याशेजारचा सहज पंधरा दिवस कोकणात जाऊन आला.

शेठ कुलूहून परत आला तेव्हा नाकाची साल निघालेली, ओठ फुटलेले, आणि अखंड बोलत होता. बर्फावरून बसून घसरत खाली यायचं, कसोलच्या पुलावरून पार्वती नदी, मणिकरणच्या गरम पाण्यात शिजवलेला भात. आईची चौकशी त्याने केली. मी म्हटलं, आता बरी आहे. त्यानंतर आम्ही कितीतरी गड एकत्र केले. हरिश्चंद्रगड तीनदा, एकदा खिरेश्वरकडून, टोलारखिंडीतून रात्रीचे चढत. लग्नं झाली, मुलं झाली, त्याने ठाण्यात घर घेतलं. कॉलेजात असताना फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. खिडकीत अंधार झाला की आम्ही ठरलेल्या शिव्या ओरडायचो. आता तोच पारसिकचा डोंगर आमच्या दोघांच्या मधे आहे. हिमालयाचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही. मीही नाही. तो नंतर दोनदा जाऊन आला, दुसऱ्या माणसांबरोबर. मी एकदाही नाही.

मेसेज लिहिताना पुन्हा पुन्हा अडलो ते इथे. खरी यादी लिहिली, ओढा लिहिला, खड्डा लिहिला, डायमॉक्स लिहिली, आणि हे एवढं लिहायचं राहिलं. लिहायचं तरी कसं? 'ता. क. 1993 साली आई ठणठणीत होती'? ज्याची फेड करायची त्याला ते कर्ज आठवत नसेल तर उगाच आठवण करून देणं म्हणजे पुन्हा स्वतःचंच ओझं त्याच्या सॅकमध्ये टाकणं. असा सोयीचा विचार मी बरेच दिवस केला. सोयीचे विचार मला नेहमी सुचतात.

बाराव्या दिवशी कळव्याच्या आसपास गाडी सिग्नलला उभी राहिली, आणि मी ती यादी आहे तशी पाठवून दिली. खाली एकच ओळ : तुझ्याशिवाय कुणाला विचारलं नाही, विचारणारही नाही.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर दुपारी आलं. "रविवारी मुंब्र्याच्या देवीला भेट. पहिली लोकल नको, दुसरी."

मुंब्रा त्याच्या-माझ्या मधलं स्टेशन. स्लो गाडीने तो कळव्यावरून आला, मी कोपर-दिव्यावरून. देवीचं देऊळ डोंगरावर आहे, गाडीतून जाताना लाखो माणसं रोज वर बघून हात जोडतात आणि त्यातली फार थोडी वर जातात. आम्ही स्टेशनबाहेर कटिंग घेतला आणि वस्तीतून वर निघालो. तो नवे बूट घालून आला होता. नवे बूट. मी काही बोललो नाही. मी पाठीवर सॅकमध्ये पाण्याच्या सहा बाटल्या भरून आणल्या होत्या, वजनाची सवय म्हणून. त्याने सॅक उचलून बघितली, दोन बाटल्या काढल्या आणि पायथ्याशी झाडू मारणाऱ्या म्हातारीला देऊन टाकल्या. "पहिल्या दिवशी हिरोगिरी नको," म्हणाला.

पूर्वी तो पुढे असायचा आणि मी मागून त्याला शिव्या घालत जायचो. त्या दिवशी मी पुढे होतो आणि मला ते आवडत नव्हतं. निम्म्यावर तो थांबला. पायरीवर बसला, पँट वर करून गुडघा चोळू लागला. गुडघ्याच्या बाजूला एक जुना व्रण आहे, नाणेघाटातला. तोच त्याने दोन बोटांनी दाबला. खाली खाडी राखाडी होती, आणि एका मागून एक गाड्या. मी एक पायरी खाली बसलो.

"मेसेजमध्ये एक गोष्ट लिहिली नाहीस," तो म्हणाला.

"सगळं तर लिहिलंय. खेचर, मुंग्या, खड्डा..."

"दशम्या."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, खालच्या गाड्यांकडे बघत होता. तेव्हा इगतपुरीला इंजिन बदलायचं. मुंबईकडची डीसी वीज तिथे संपायची आणि पुढे एसी, म्हणून गाडी बराच वेळ उभी राहायची. घाट चढून गाडी थांबली, भूक लागली, त्याने डबा उघडला. आत दुधात भिजवलेल्या गुळाच्या दशम्या. अजून ऊन होत्या. कापडात बांधलेल्या दोन पुरचुंड्या. एकीबरोबर लसणाची चटणी, दुसरीबरोबर बिनलसणाची.

लसूण मला चालत नाही. कधीच चालला नाही. हे आईला माहीत होतं आणि त्यालाही.

"दोन माणसांच्या दशम्या होत्या रे," तो म्हणाला. "संध्याकाळी केलेल्या. आजारी बाई कशाला करेल? आणि तू येणार नाहीस हे तिला माहीत असतं तर दुसरी चटणी कशाला वाटली असती?"

म्हणजे घाटाच्या वर पोचेपर्यंतच त्याला सगळं कळलं होतं. मी अजून डोंबिवलीला जेवतही नसेन.

"मग आल्यावर बोलला का नाहीस?"

"बोलून काय? तू दुसरं काहीतरी सांगितलं असतंस." मग थोड्या वेळाने, "राग होता. बरेच दिवस होता. मग कधी गेला कळलं नाही. तुझी पुरचुंडी पण मीच खाल्ली, दिल्लीपर्यंत पुरली. बिनलसणाची चटणी फालतू होती."

मला हसू आलं आणि ते नीट बाहेर पडलं नाही. विचारायचं म्हणून विचारलं, "डबा?"

डबा स्टीलचा होता, कडीचा, झाकणावर आईचं नाव आणि 1981 असं कोरलेलं. तेव्हा भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती, हळदीकुंकवाला किंवा शेजारी गेलेलं भांडं परत यावं म्हणून. तो मोसम संपल्यावर आईने दोन-तीनदा विचारलंही होतं, डबा आला का रे. मी म्हटलं होतं, आणेल तो.

"कसोलच्या वर एक गाव आहे, ग्रहण. तिथे एका घरात ताक प्यायला बसलो होतो. त्या बाईला दिला. तुझ्या घरी परत घेऊन यायची इच्छा नव्हती."

आई नाशिकच्या पुढे कधी गेली नाही. काशीचं नाव घ्यायची, पण आधी वडिलांची दुखणी आणि मग स्वतःची. तिचं नाव तीसेक वर्षं पार्वतीच्या खोऱ्यात कुणाच्या तरी फळीवर आहे, किंवा होतं. देवनागरीतच आहे, तिथल्या कुणा शाळकरी पोराने ते कधीतरी मोठ्याने वाचलं असेल. कोण ही बाई, असं विचारलं असेल. त्या घरातल्या बाईने काय सांगितलं असेल? एक मुलगा आला होता मुंबईकडचा, एकटाच, नाकाची साल गेलेली.

खाली एक लांबची गाडी गेली, निळे डबे, बरीच लांब. कुठली ते दोघांनीही पाहिलं नाही. त्याने पँट खाली ओढली, कठड्याला धरून उभा राहिला, डावा पाय दोनदा झटकला.

"तिकिटं मी काढतो," तो म्हणाला. "डॉक्टरांकडे पण दोघं एकदमच जाऊ, ईसीजी वगैरे. माझी साखर बघून त्यांनी नाही म्हटलं तर तूही घरी बसायचं, कबूल?"

"कबूल."

"आणि कल्याणला गाडी आली की आधी तू चढायचं. मी मागून."

मग गुडघ्यावर हात टेकत तो वरच्या पायऱ्यांकडे निघाला. अजून निम्म्या राहिल्या होत्या.